साइट बंद म्हणजे आजऱ्यात लाईट गेल्यात

भांडुपच्या काकांचा एकदा रात्री फोन आला. "काय गं, लाईट गेल्यात न्हवं?"

गेल्या होत्या. इकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या आजऱ्यात, संध्याकाळपासूनच. पण भांडुपमध्ये बसून ते त्यांना कसं कळलं, तर साइट उघडेना म्हणून. ही साइट आमच्या माजघरातल्या फडताळात राहते. वरच्या कप्प्यात आईच्या लोणच्याच्या बरण्या, मधल्यात केबलवाल्याचा फायबरचा डबा आणि राउटर, आणि त्याच्या शेजारी पत्त्यांच्या कॅटएवढा, रास्पबेरी पाय ४ नावाचा चिमुकला संगणक, मागे साठवणीची एक जुनी एसएसडी लोंबकळतेय. एवढाच सर्व्हर. गेली तीन वर्षं चालू आहे, म्हणजे लाईट असतील तेव्हा चालू आहे.

साइटवर आहे काय? पाऊस. अण्णा निवृत्त शिक्षक, आणि १९९१ पासून रोज सकाळी साडेआठला अंगणातला पर्जन्यमापक उघडून काचेच्या मापात पाणी ओतून आकडा वहीत लिहितात. साडेआठच का, तर हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊसही सकाळी साडेआठपर्यंतचाच धरतात आणि आपला आकडा त्यांच्याशी ताडून बघता आला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. आमच्या भागात या आकड्याला किंमत आहे. आंबोली इथून तासाभराच्या आत, तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. आणि पूर्वेला गडहिंग्लजकडे उतरत जाल तसा तो इतका झपाट्याने कमी होतो की एका टोकाला घनसाळ भाताची चिखलणी चाललेली असते आणि दुसऱ्या टोकाला माणसं आभाळाकडे बघत बसलेली. तालुक्याला एकच आकडा सांगितला तर तो कुणाच्याच कामाचा नसतो. म्हणून गल्लीतले, आसपासच्या वाड्यांवरचे, गवशाचे, आणि मुंबईला गिरणीत गेले ते तिकडेच राहिले असे पाहुणे, सगळे अण्णांना विचारत. आधी फोनवर, मग व्हॉट्सॲपवर. जुलै २०२१ च्या पुरात तर दिवसाला पन्नास जणांना तोच आकडा पाठवून ते कंटाळले. तेव्हा मी लॉकडाउनमुळे पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलेली होते, कंपनीने परत बोलावलं नव्हतं (अजूनही नाही, कुणी आठवण करून देऊ नका). म्हटलं, एक पान करून देते. तिथेच बघतील.

पान करायला एक रविवार लागला. त्यातली एक गंमत सांगितलीच पाहिजे. अण्णांच्या फोनचा कीबोर्ड मराठी, ते आकडा '४२.५' असा देवनागरीत भरतात. मी आधी फॉर्ममध्ये आकड्यांचा रकाना ठेवला होता, तो त्यांचा आकडा घेईचना. मग साधा मजकुराचा रकाना केला, मागे पायथन या भाषेतल्या प्रोग्रामने आकड्यात बदलायचं ठरवलं आणि देवनागरी अंक उलटवायला कोड लिहायला बसले, तर पायथनच्या फ्लोटला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, '४२.५' जसाच्या तसा चालतो! काही करावं लागलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये हेच केलं तर तो 'हा आकडा नाही' म्हणून मोकळा. त्या दिवसापासून पायथन घरचा वाटायला लागला.

रविवारनंतरचे दोन महिने मात्र ते पान घराबाहेर दिसावं म्हणून गेले.

पुस्तकी कृती सोपी असते: राउटरमध्ये पोर्ट ८० आणि ४४३, म्हणजे वेबसाइटची दारं, आतल्या मशीनकडे वळवायचे, साइटचं नाव आपल्या आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, जोडायचं, संपलं. मी ते सगळं केलं आणि बाहेरून काहीच उघडेना. शेवटी राउटरच्या पानावर नीट बघितलं तर त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू होणारा, आणि 'माझा आयपी काय' असं जगाला विचारलं की उत्तर येई भलतंच. दोन्ही जुळत नाहीत म्हणजे आपल्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी बाजूला काढून ठेवलेले आहेत: कंपनीने एकच खरा पत्ता शे-दोनशे घरांत वाटायचा आणि प्रत्येक घराला हा आतला, खोटा पत्ता द्यायचा. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते ४२९ कोटी, त्यांचे शेवटचे गठ्ठे २०११ मध्ये वाटून झाले, आणि आमच्याकडे फायबर आलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आम्ही पंगतीला पोचलो तेव्हा भांडी घासायला घेतली होती.

चाळीत एकच पोस्टपेटी असावी तसं हे. आपण पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं तर रखवालदार लक्षात ठेवून आपल्याला आणून देतो. पण कुणी आपणहून पत्र टाकलं तर ते कुणाच्या घरचं हे त्याला कळायला मार्ग नाही, तो फेकून देतो. आणि सर्व्हरला येणारी सगळी पत्रं आपणहून आलेलीच असतात.

केबलवाल्याला फोन लावला. खरा, कायमचा आयपी पाहिजे म्हटल्यावर पलीकडे थोडी शांतता.

"कॅमेरे बसवालाय काय ताई?"

"नाही, सर्व्हर आहे."

"मग कशाला पाहिजे? सीसीटीव्हीलाच लागतोय त्यो."

त्याचं चुकलं नाही. आमच्या अख्ख्या तालुक्यात स्टॅटिक आयपी मागणारी माणसं म्हणजे पेट्रोलपंप, सोनार आणि पतसंस्था, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर मोबाइलवर बघायला. तो म्हणाला वरच्या ऑफिसला विचारून सांगतो. मग दर सांगितला, तो महिन्याच्या बिलाच्या जवळपास दुप्पट होता, आणि वर 'बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल' ही शेपूट. नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ चा पत्ता देता का विचारलं तर "ते अजून आमच्याकडे चालू न्हाई." माझ्या मोबाइलवर तो केव्हापासून आहे, घरच्या फायबरवर नाही. तो मिळाला असता तर यातलं निम्मं लिहायची वेळच आली नसती.

शेवटी बोगदा खणला. मुंबईच्या डेटासेंटरमध्ये सगळ्यात लहान व्हीपीएस, म्हणजे तिथल्या मोठ्या मशीनचा एक तुकडा, भाड्याने घेतला, त्याला खरा पत्ता असतो. घरचा रास्पबेरी पाय वायरगार्ड या बोगदा बांधणाऱ्या प्रोग्रामने त्याच्याकडे आतून बाहेर जोडणी करतो, आणि आतून बाहेर जायला रखवालदाराची ना नसते. दर पंचवीस सेकंदांनी पाय एक रिकामं पाकीट पाठवत राहतो, नाहीतर मधला राउटर 'ही जोडणी मेली' असं समजून विसरून जातो. लोक मुंबईच्या पत्त्यावर येतात, तिथला एंजिनएक्स हा वेब सर्व्हर त्यांना बोगद्यातून आमच्या फडताळात आणून सोडतो.

हे ऐकून पुण्यातला माझा मित्र हसला. "अगं मग पैसे देतेच आहेस तर साइटच त्या व्हीपीएसवर ठेव ना. घरी कशाला?" याला माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. आता आहे, निदान अर्धं. वह्यांची सगळी स्कॅन केलेली पानं धरली तर चाळीस जीबीच्या वर जातात, आणि त्या छोट्या व्हीपीएसला मिळून पंचवीस जीबी जागा. हे झालं हिशेबी उत्तर. उरलेलं अर्धं असं, की अण्णा आकडा भरतात तेव्हा तो आधी त्यांच्या घरात लिहिला जातो. नेट बंद असलं तरी. घरच्या वायफायवर आम्ही थेट आतल्या पत्त्यावर पान उघडतो. बाहेरच्यांना दिसलं काय, न दिसलं काय, वही घरात आहे.

मग आई. पहिल्या वळवाला सर्व्हर दुपारी चारला बंद पडला तो रात्रीपर्यंत बंदच. लाईट तर होत्या. बघते तर प्लगच काढून खाली ठेवलेला.

"विजा काय मारालीत बघितलीस काय? टीव्ही काढला, फ्रिज काढला, त्ये पण काढलं."

आमच्याकडे हा नियम जुना आहे आणि कारणाशिवाय नाही. फायबरच्या आधी नेट तांब्याच्या वायरने यायचं, एका कौलावरून दुसऱ्या कौलावर, आणि दर मे महिन्यात गल्लीत दोन-चार राउटर जळायचे. आईला समजावलं की फायबर म्हणजे काच, काचेतून वीज येत नाही. ती म्हणाली, "आणि प्लगातनं?" बरोबर होतं तिचं. सर्ज प्रोटेक्टर घेतला.

पण कागद चिकटवलाच: 'हे मशीन चालू राहू दे. बंद करायचं असेल तर आधी मला सांग.' नंतर कळलं की जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरवरही, सर्न प्रयोगशाळेतल्या टिम बर्नर्स-ली यांच्या त्या काळ्या नेक्स्ट संगणकावर, हाताने लाल शाईत असाच कागद लावलेला होता: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. त्यांच्या कागदावर शेवटी दोन उद्गारचिन्हं आहेत. आमच्या कागदाखाली आईने पेनाने 'विजा सोडून' असं लिहिलंय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

मागच्या पावसाळ्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. लाईट जायच्या, राउटरला आणि पायला लावलेला छोटा यूपीएस तीन-चार तास तग धरायचा, मग सगळं झोपायचं. इथवर ठीक. लाईट आल्या की पाय मिनिटभरात उठायचा, फडताळात हिरवा दिवा लुकलुकायचा, घरात साइट उघडायची. पण बाहेरून नाही. कधी पाच मिनिटांनी उघडायची, कधी पाऊण तासाने. मी काही केलं तरी नाही, आणि काही न केलं तरी थोड्या वेळाने आपोआप. हाच प्रकार सगळ्यात चिडवणारा. बंदच पडलं असतं तर शोधता आलं असतं. मी लॅपटॉप उघडून लॉग बघायला बसेपर्यंत बोगदा जोडलेला, आणि सगळं शहाण्यासारखं चालू.

धागा सापडला तो अण्णांमुळे. एका सकाळी चहा घेताना त्यांनी फोन पुढे केला.

"तुझं मशीन म्हणतंय मी पहाटे दोन सदतीसला पाऊस मोजला. मी काय खुळा झालोय?"

नोंदीची वेळ सर्व्हर स्वतः टाकतो. अण्णांनी आकडा साडेआठलाच भरला होता. पहाटे २:३७ आली कुठून? मग कागदावर मांडलं. लाईट रात्री अकराच्या सुमारास गेलेल्या. यूपीएसने पहाटे पावणेतीन-दोन पन्नासच्या आसपास मान टाकली. लाईट आल्या सकाळी आठ दहाला. आठ दहा ते साडेआठ, वीस मिनिटं. दोन सदतीसमधून वीस गेले, दोन सतरा.

म्हणजे सकाळी आठ दहाला उठलेल्या पायला वाटत होतं की आत्ता पहाटेचे सव्वादोन झालेत!

रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळ नसतं. संगणकाच्या बोर्डावर ती गोल बटणासारखी बॅटरी असते ना, बंद असतानाही वेळ चालू ठेवणारी, ती याच्यात नाही. त्याऐवजी तो तासातून एकदा, सतराव्या मिनिटाला, 'आत्ता किती वाजले' हे फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि अचानक मेला की उठल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागतो. मधले सहा तास त्याच्या आयुष्यात झालेलेच नसतात. नेट मिळालं की तो नेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो आणि घड्याळ लावून घेतो, त्यामुळे एरवी कुणाला कळतही नाही.

मग यावेळी विचारलं का नाही? तर इथे माझाच हात. केबलवाल्याचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, अधूनमधून गचके खायचा, म्हणून मी वायरगार्डच्या फाइलमध्ये एक ओळ घातली होती: नावं शोधायची ती बोगद्यापलीकडच्या मुंबईच्या मशीनला विचारून. आणि वायरगार्डची एक अट असते. जोडणी मागताना प्रत्येक वेळी तो वेळेचा शिक्का पाठवतो, आणि पलीकडचा मशीन आधी पाहिलेल्या शिक्क्याहून जुना शिक्का घेत नाही. का, तर कुणी जुनं पाकीट चोरून पुन्हा पाठवू नये. मुंबईने शेवटचा शिक्का पाहिला होता दोन अठ्ठेचाळीसचा. आणि आमचा पाय सकाळी उठून दोन सतराचा दाखवतोय. मुंबई गप्प.

तर चित्र असं: घड्याळ लावायला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायला हवं. नाव शोधायला बोगदा हवा. बोगद्याला बरोबर घड्याळ हवं. तिघेही एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत फडताळात उभे. शेवटी पायचं चुकीचं घड्याळ आपल्या गतीने चालत चालत दोन अठ्ठेचाळीसच्या पुढे गेलं, म्हणजे खऱ्या पावणेनऊच्या आसपास, की मुंबई शिक्का स्वीकारते, बोगदा उघडतो, नाव सापडतं, वेळ दुरुस्त होते आणि मला वाटतं आपोआप झालं. यूपीएस सतराव्या मिनिटानंतर लगेच मेला तर पाच मिनिटांत, पुढचं सतरावं मिनिट येता येता मेला तर पाऊण-एक तासाने. दोन महिन्यांचं कोडं सकाळच्या चहाच्या कपात सुटलं.

मी ती डीएनएसची ओळ काढली. तेवढ्यानेच भागलं असतं, पण अण्णांचा घड्याळावरचा विश्वास उडालेला. म्हणून डीएस३२३१ नावाचा एक घड्याळाचा तुकडा मागवला, नखाएवढा, मागे बटण-सेल, पायच्या पिनांवर नुसता खोचायचा. दोन-अडीचशे रुपये. गडहिंग्लजला नाही मिळाला, कोल्हापुरातही दोन दुकानं फिरून "मागवून देतो" एवढंच ऐकलं, शेवटी कुरिअरने आला. चुकीची पडलेली ती नोंद मी दुरुस्त करणार होते, अण्णा म्हणाले राहू दे. वहीत ते खाडाखोड करत नाहीत, चुकलेल्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहितात. साइटवरही आता तसंच आहे: २:३७ वर रेघ, शेजारी ८:३०.

बाकीचं भराभर सांगते. लाईटबिलाचं आई विचारते म्हणून मोजलं: पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. आधी मी जुना डेस्कटॉप ठेवणार होते, तो साठ वॅट खायचा, म्हणजे त्रेचाळीस युनिट, आणि वर पंख्याचा आवाज. सुरुवातीला एसडी कार्डावर चालवत होते, पहिल्याच पावसाळ्यात दोन कार्डं गेली; लिहिता लिहिता लाईट गेली की कार्डाचा निकाल लागतो. एसएसडी लावल्यापासून तो त्रास नाही. आणि चोर. साइटच्या https साठी लागणारं प्रमाणपत्र घेतलं त्याच तासात लॉगमध्ये रांग लागली. प्रमाणपत्र निघालं की त्यावरचं नाव एका सार्वजनिक नोंदवहीत जातं, ती वाचत बसलेले बॉट असतातच. बारशाची पत्रिका छापून आल्या आल्या दारात विमावाला उभा राहावा तसं. कुणी वर्डप्रेसचं दार शोधतंय, कुणी पासवर्ड ठेवलेली फाइल मागतंय. माझ्याकडे वर्डप्रेस नाही, बाबांनो, पाऊस आहे. एसएसएच, म्हणजे दुरून मशीन चालवायचं दार, मी बाहेर उघडलेलंच नाही, ते फक्त बोगद्यातून. ज्यांना घरी काही चालवायचंय त्यांनी दुसरं काही नाही केलं तरी एवढं करा. आणि आपल्या नेटच्या करारातली बारीक अक्षरं वाचा, घरगुती जोडणीवर सर्व्हर नको असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. दिवसाला चाळीस माणसांच्या साइटमुळे कुणी दारात येत नाही, पण माहीत असावं.

यंदा जूनमध्ये एक भर घातली. बोगदा तुटला की मुंबईचा मशीन आता आपल्याकडचं एक साधं पान दाखवतो: 'आजऱ्यात लाईट नाही. शेवटची नोंद अमुक वेळेची, अमुक मिमी.' म्हटलं लोकांना निदान कोरी चूक दिसायला नको, आणि काकांचाही फोनचा खर्च वाचेल.

दुसऱ्या आठवड्यात लाईट गेल्या. दहा मिनिटांत भांडुपहून फोन.

"अगं, त्ये पान बघितलो. 'लाईट नाही' काय लिहिलीस? पुण्याची झालीस काय? लाईट न्हाईत."

बदललं.